पाच माणसं, पाच दिवस, वीस हजार: स्वतःच्या गाडीने कोकण करायचं तर असं करा

आमच्या घरात पाच माणसं. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं, एक सहावीत आणि एक दुसरीत. गाडी जुनी वॅगनआर, तीही सेकंडहँड घेतलेली. गेल्या तीन वर्षांत आम्ही पुण्याहून दोनदा कोकणात जाऊन आलो. पहिल्या वेळी हिशेब पार कोलमडला, दुसऱ्या वेळी वीस हजारात पाच दिवस मजेत झाले आणि घरी आल्यावर थोडे पैसे उरलेसुद्धा. गाडी तीच, माणसं तीच, रस्ता पण जवळपास तोच, मग फरक कुठे पडला हे मी दोन्ही वेळचे हिशेब समोर ठेवून बघितलं. पेट्रोलमध्ये फरक जेमतेम दोन-तीनशेचा निघाला. पैसे गेले होते ते भूक लागल्यावर आणि अंधार पडल्यावर. दुपारी तीन वाजता मुलं रडकुंडीला आली म्हणून दिसेल त्या हॉटेलात शिरलो आणि दोन हजारांचं बिल भरून बाहेर आलो, आणि रात्री साडेआठला खोली शोधत फिरत होतो तेव्हा जी मिळाली ती साडेतीन हजारांची, कारण समोरच्याला दिसत होतं की गाडीत म्हातारं माणूस आहे, मुलं झोपलीयेत, हे आता पुढे जाऊ शकत नाहीत.

त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं एवढ्या एका गोष्टीसाठी आहे, की भूक लागायच्या आत जेवण ठरलेलं असावं आणि अंधार पडायच्या आत खोलीत बॅगा टाकलेल्या असाव्यात.

आधी आकडा, मग नकाशा

बहुतेक लोक आधी ठिकाणं ठरवतात आणि मग खर्च बघून घाबरतात. उलटं करा. घरात बसून आधी ठरवा की एकूण किती पैसे खर्च झाले तरी पुढच्या महिन्याची शाळेची फी आणि किराणा अडणार नाही. आमचा तो आकडा वीस हजार निघाला. त्यातले दीड-दोन हजार आधीच बाजूला काढायचे, त्यांना हातच लावायचा नाही, ते गाडीच्या किंवा तब्येतीच्या अडचणीसाठी. उरले ते खरे ट्रिपचे.

आमची वाटणी अशी झाली. पेट्रोल ४,२००, चार रात्रींच्या खोल्या मिळून ५,९००, पाच दिवसांचं खाणंपिणं ६,०००, दोन जेट्ट्या (गाडीसकट खाडी ओलांडायच्या फेरीबोटी) आणि टोल मिळून ८००, निघायच्या आधी गाडीवर ५००, आणि शहाळी, देवळातली दानपेटी, मुलांचा हट्ट असल्या किरकोळ गोष्टींना १,०००. झाले १८,४००, आणि १,६०० अडीअडचणीला. तुमच्याकडे बारा हजार असतील तर पाच दिवसांचे तीन दिवस करा, पण रोजचा खर्च कमी करायला जाऊ नका, कारण मग पहिल्या दिवसापासून प्रत्येक चहाला भांडण होतं आणि सुट्टीची सगळी मजा जाते.

पेट्रोलचा आकडा अंदाजाने काढू नका. कंपनी काय मायलेज सांगते ते विसरा आणि आपल्या गाडीचं स्वतः मोजा, टाकी पंपाच्या कट-ऑफपर्यंत भरायची, ट्रिपमीटर शून्य करायचा, दोन-तीनशे किलोमीटर फिरून झाले की पुन्हा तशीच कट-ऑफपर्यंत भरायची, जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. आमची साडेसतरा देते. पण पाच माणसं, सामान आणि घाट म्हटल्यावर मी सोळाच धरले. सगळा फेरा फिरण्यासकट ६४० किलोमीटरचा, म्हणजे ४० लिटर, लिटरला १०५ रुपये धरले की ४,२००. नकाशावर अंतर जेवढं दिसेल त्यात शंभरेक किलोमीटर गावातल्या गावात फिरण्याचे मिळवा, हे सगळे विसरतात.

आणि खरं सांगायचं तर दोघंच असाल तर गाडी काढूच नका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शिवाय महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' पासची योजना आहे, दोघांना ते कितीतरी स्वस्त पडतं. चार-पाच माणसं असली, त्यात लहान मुलं आणि गुडघेदुखीवालं माणूस असलं की मग गाडी परवडते.

दिवस कुठले धरायचे

निम्मी बचत इथे आहे. तीच खोली शनिवारी २,८०० आणि सोमवारी १,४०० ला मिळते, हे मी स्वतः फोन करून विचारलंय, एकाच घरी. म्हणून आम्ही रविवारी पहाटे निघून गुरुवारी परत आलो. रविवारी सगळे परत यायच्या घाईत असतात, आपण उलट्या दिशेने जातो, आणि आपण पोचेपर्यंत अकराच्या सुमाराला खोल्या रिकाम्या झालेल्या असतात, त्यामुळे लवकर चेक-इन पण कुरकुर न करता देतात.

महिना आम्ही जानेवारी धरला, नाताळ आणि थर्टीफर्स्टची गर्दी ओसरल्यावरचा आठवडा. मुलांची चार दिवस शाळा बुडली, बाईंना आधी सांगितलं, वह्या नंतर भरून घेतल्या. ज्यांना ते पटत नाही त्यांनी दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा बघा, पहिला नको. जानेवारीचा अजून एक फायदा म्हणजे थंडीमुळे एसी खोली लागत नाही आणि गाडीतही एसी फार लावावा लागत नाही. मे महिन्यात आंबे मिळतात हे खरं, पण खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि एसीशिवाय मुलं झोपत नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाऊस बघायलाच जायचं असेल तर जा.

रस्ता कुठला

कोकणात एका दमात सगळं बघायचा मोह होतो, मुरुड-जंजिऱ्यापासून मालवणपर्यंत. करू नका. जितकी ठिकाणं वाढतात तितकं पेट्रोल, तितकी हॉटेलं, तितका थकवा. आम्ही ताम्हिणीने उतरलो, श्रीवर्धनला एक रात्र, आंजर्ल्याला एक रात्र, गुहागरला दोन रात्री, आणि कुंभार्ली घाटाने वर चढून परत. दिवेआगर रस्त्यातच होतं, तिथला सुवर्णगणेश बघायची सासूबाईंची फार इच्छा होती, पण पहिल्या वेळी तिथे जाऊन आलो होतो म्हणून यावेळी वगळलं. तुमची पहिलीच खेप असेल तर श्रीवर्धनऐवजी मुक्काम दिवेआगरला करा, खर्च तेवढाच येतो.

या रस्त्यात दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, इकडे सगळे त्याला जेट्टी किंवा जंगलजेट्टीच म्हणतात. पहिली बाणकोटच्या खाडीवर, बागमांडल्याहून वेसवीला, आणि दुसरी वाशिष्ठीच्या खाडीवर, दाभोळहून धोपाव्याला. बरेच जण जेट्टीचे पैसे वाचवायला रस्त्याने वळसा घालतात. हिशेब करून बघा. दापोलीहून गुहागरला जेट्टीने गेलं तर पन्नासच्या आत किलोमीटर होतात, आणि खेड-चिपळूण करत गेलं तर शंभरच्या वर. म्हणजे जवळजवळ चार लिटर पेट्रोल आणि दोन तास जास्त. आम्हाला गाडी आणि माणसं मिळून एका जेट्टीला तीनशेच्या आत पडलं, म्हणजे वळशापेक्षा स्वस्तच, आणि मुलांसाठी तर सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात भारी अर्धा तास तोच होता. फक्त शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी राहत्या घरी विचारून ठेवा, रात्री जेट्टी बंद होते आणि मग तो मोठा वळसा अंधारात घालावा लागतो.

जेट्टीवर गाडी चढवताना घाबरायचं काही नाही. खालचा माणूस हात दाखवतो तसंच जायचं, आरशात बघून स्वतःचं डोकं चालवायचं नाही. धोपाव्याच्या बोटीत आमची गाडी एका टेम्पोच्या आणि कठड्याच्या मधे घ्यायची होती, नवऱ्याला वाटलं बसणारच नाही, तो पोरगा बॉनेटवर दोन बोटं टेकवून "या, या, या, अजून या" करत मागे सरकत राहिला आणि बरोबर चार बोटं जागा राहिली तेव्हा तळहात आपटून थांबवलं. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मग खाली उतरा.

गाडीची तयारी

ही एक महिना आधी सुरू करा, निघायच्या आदल्या दिवशी नाही, कारण आदल्या दिवशी मेकॅनिक सांगेल तो खर्च डोळे मिटून द्यावा लागतो. ब्रेक, कूलंट, वायपर, चारही टायर आणि स्टेपनी. पहिल्या ट्रिपला केळशीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं, स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही, दोन वर्षं कुणी बघितलीच नव्हती. तासभर उन्हात बसलो, शेवटी एका दुचाकीवाल्या दादांनी चाक घेऊन जाऊन हवा भरून आणली. तेव्हापासून दर वेळी हवा भरताना स्टेपनीची हवा पहिली. जॅक आणि पाना गाडीत आहे का तेवढंच बघू नका, घरासमोर एकदा चाक काढून घालून बघा.

टायरची हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो धरा. पीयूसी आणि विमा संपलाय का बघा, कागद डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा, तिथले चालतात. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरा. टॅग चालला नाही तर टोल जास्त जातो, नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरलं तर सव्वापट. राष्ट्रीय महामार्गांचा तो वर्षाचा पास, जो ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला, तो वर्षातून एका ट्रिपसाठी घेण्यात अर्थ नाही, महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्यांनी घ्यावा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारे लोक मी बघितलेत. हात जोडून सांगते, असं करू नका. ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि गाडी पुळणीवर, म्हणजे वाळूत, अजिबात न्यायची नाही, फोटो कितीही छान येत असला तरी. वाळूत चाक रुतलं की वरून भरती येते आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं.

खोली फोनवर कशी ठरवायची

अॅपवर फक्त नावं आणि फोटो बघा, मग नकाशावरून नंबर काढून थेट घरमालकांशी बोला. कोकणातली निम्मी घरगुती राहण्याची सोय अॅपवर नीट दिसतच नाही. पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेतली घरं असतात, बऱ्याच देवस्थानांची भक्तनिवासं असतात, तिथे साधी स्वच्छ खोली कमी पैशात मिळते, पण रात्री दार लवकर बंद होतं आणि मांसाहार चालत नाही, हे आधी माहिती असू द्या.

फोनवर काय विचारायचं ते कागदावर लिहूनच बसते मी. पाच माणसांना एकच मोठी खोली मिळेल का, जास्तीच्या गादीचे किती, गाडी आवारात लागेल का, गरम पाणी किती ते किती, संडास कमोड आहे का, हे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, सकाळचा चहा धरून आहे का, जेवण घरीच मिळेल का आणि ताट केवढ्याला, मासे आणून दिले तर करून द्याल का. आणि शेवटी "सोमवारी येतोय, मुलं आहेत, जरा बघा ना" एवढं म्हणायला लाजू नका, दोनशे-तीनशे सहज कमी होतात. त्याहून जास्त घासाघीस मात्र मी करत नाही, चादरी धुण्यापासून चहापर्यंत सगळं त्या घरातली एक बाईच करत असते हे डोळ्याला दिसतं.

आगाऊ पैसे पाचशेच्या वर पाठवू नका. पहिल्या वेळी आम्ही एका ठिकाणी अर्धे पैसे आधी पाठवले, जाऊन बघतो तर फोटोतली खोली वेगळी आणि आम्हाला दिलेली वेगळी, पैसे परत मिळाले नाहीत. आता मी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हणते, नळ सोडून दाखवा म्हणते. ज्यांचं खरं असतं ते आनंदाने दाखवतात.

जेवणाचं गणित

कोकणातल्या घरगुती खानावळीत जाऊन बसलं की लगेच ताट येत नाही. आधी सांगावं लागतं. गुहागरच्या काकू पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या किती ताटं ते आत्ताच सांगा हो, म्हणजे नारळ तेवढेच फोडते." ही सवय लावून घ्या. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामी फोन करायचा, एवढे शाकाहारी, एवढे मासे, एवढ्या वाजता. सासूबाई माळकरी, त्यांचं साधं ताट, आमची दोन बांगड्याची ताटं, आणि मुलांना वेगळं ताट न घेता दोन-चार पोळ्या आणि भात जास्तीचा. सुरमई आणि पापलेटच्या ताटाचा भाव एकदम वर जातो, बांगडा, मांदेली, बोंबील यात तितकंच समाधान होतं.

आमचा नियम असा होता की एखादा दिवस सोडला तर दिवसातून एकच जेवण विकतचं पूर्ण ताट. सकाळचं आणि मधलं घरून नेलेल्या डब्यातून. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, भाजके पोहे, चिवडा, लाडू. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की तीन दिवस छान राहतात, जानेवारीत तर राहतातच. सोबत इलेक्ट्रिक केटल घ्या, त्यात चहा, मुलांचं दूध, अंडी उकडणं, सगळं होतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, वीस लिटरचा जार घरून भरून डिकीत ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा भरून घ्या, आमचे यातच पाचशे-सहाशे वाचले.

मासे घ्यायचे तर हर्णै बंदर. संध्याकाळी होड्या लागतात आणि किनाऱ्यावरच लिलाव सुरू होतो, तो टोपल्यांचा, मोठ्या व्यापाऱ्यांचा, त्यात आपण पडायचं नाही. बाजूला कोळणी बसलेल्या असतात त्या वाट्याने देतात, त्यांच्याकडून घ्यायचे. आम्ही बांगड्यांचा एक वाटा घेतला, तिथेच साफ करून घेतला, आणि आंजर्ल्याच्या घरी दिला. त्यांनी करून द्यायचे वेगळे पैसे घेतले तरी तीन मासळीच्या ताटांपेक्षा कमीच पडले. वर सोलकढी.

भरती कधी, ओहोटी कधी

हे मला पहिल्या ट्रिपला कुणीच सांगितलं नव्हतं. समुद्रावर जाऊन बघतो तर पुळण गायब, पाणी पायरीपर्यंत, आणि मुलांची तोंडं एवढीशी. कोकणातल्या लोकांचा साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. कॅलेंडरवर सप्तमी असेल तर सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला भरती, त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात गेल्यावर एकदा विचारून खात्री करा, पण घरी बसून दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो.

आमची दुसरी ट्रिप षष्ठीला सुरू झाली. सोमवारी सप्तमी, ओहोटी अकराच्या पुढे, म्हणून हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग साडेदहाला धरला. हा मार्ग समुद्राच्या कडेने कातळावरून जातो, लाटांनी कोरलेल्या खडकांतून, आणि ओहोटीलाच सुरक्षित असतो. भरतीच्या वेळी तिथे लोक वाहून गेलेत. देवळाजवळचे लोक जाऊ नका म्हणाले तर खरंच जाऊ नका. उलट हेदवीची बामणघळ, जिथे कातळाच्या चिंचोळ्या भेगेत पाणी घुसून वर उसळतं, ती पाणी चढत असताना बघायची. आम्ही बुधवारी नवमीला साडेपाचला गेलो, भरती पावणेसातची होती. लाट भेगेत शिरली की आधी पोटात घुमल्यासारखा आवाज येतो आणि मग पाणी वर येतं, धाकटी आवाज आला की माझा हात घट्ट धरायची आणि पाणी वर आलं की सोडायची, असं वीस मिनिटं चाललं होतं. लांबूनच बघायचं, कडेला ओला कातळ शेवाळलेला असतो. या दोन्ही गोष्टींना तिकीट नाही.

पैशाची पाकिटं

सगळं यूपीआयने देऊ म्हणू नका. वेसवीपासून आंजर्ल्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, एटीएमही हाताशी नसतं. मी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं घेतली आणि त्यावर रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू असं लिहून प्रत्येकात त्या दिवसाचे रोख पैसे ठेवले, सुट्ट्यासकट. ज्या दिवशीचं पाकीट संपलं त्या दिवशीचा खर्च संपला. उरले तर ते दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात. मोठ्या मुलाकडे हिशेबाची वही दिली होती. मंगळवारी आईस्क्रीम मागायच्या आधी त्याने स्वतःच पाकीट उघडून बघितलं आणि बहिणीला म्हणाला, "आज शहाळं घेऊ, आईस्क्रीम उद्या." मला काही बोलावं लागलं नाही.

दिवस कसा काढायचा

पहिल्या दिवशी पुण्यातून साडेपाचला निघा, त्याहून आधी नको, म्हणजे ताम्हिणी घाट उजेडात येतो. निघायच्या आधी मुलांना पोटभर दूध देऊ नका, घाटात उलटी ठरलेली. कोरडी पुरी, आवळा सुपारी, आणि ज्याला त्रास होतो त्याला खिडकीजवळ. डबा घाट उतरल्यावरच उघडायचा. माणगावची बाजारपेठ सकाळी नऊच्या आत ओलांडा, मुंबई-गोवा रस्त्याची गर्दी वाढली की तिथे तासभर सहज जातो. मग मोर्बा, म्हसळा करत साडेदहा-अकराला श्रीवर्धन. दुपारी झोपा, संध्याकाळी समुद्र. पहिल्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, तिथेच बारा वाजता आधी सांगून ठेवलेलं जेवण, मग बागमांडल्याची जेट्टी आणि वेसवीहून केळशी करत चारच्या आत आंजर्लं, बॅगा टाकून लगेच हर्णै. फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर वेसवीहून बाणकोटकडे वळून वेळासला मुक्काम करा, तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, २००२ पासून गावाने ते काम धरून ठेवलंय, आणि राहायला गावातल्याच घरांत, जेवणासकट. पिल्लं रोज निघतीलच असं नसतं, म्हणून दोन रात्री ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरचा गणपती, वरून सुवर्णदुर्ग दिसतो, मग दापोली. दापोलीत पेट्रोल भरा, औषधं, एटीएम, सगळं तिथेच उरका. पुण्यात टाकी फुल केली असेल तर इथे पंधरा लिटर पुरतं. मग दाभोळची जेट्टी आणि गुहागर. पुढचा सबंध दिवस गुहागरला, सकाळी व्याडेश्वर आणि दुपारपर्यंत नुसता समुद्र, संध्याकाळी वेळणेश्वर आणि हेदवी. दोन रात्री एकाच घरी राहिल्याने कपडे धुवून वाळतात, मुलांना दंगा करायला अंगण मिळतं आणि घरमालक पण दुसऱ्या रात्रीला थोडं कमी लावतात. माझ्या मते पाचही दिवसांतला सगळ्यात चांगला दिवस हाच होता.

परतीला सहाला निघा. काकूंकडून आदल्या रात्रीच सांगून पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती, ती कोयनानगरला एका झाडाखाली बसून खाल्ली. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, मल्हारपेठहून उंब्रजला हायवेला लागायचं, म्हणजे कराडच्या बाजूचा टोल लागत नाही, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे दोनच. दुपारी तीनच्या आत घरी.

घरी आल्यावर एक काम राहतं ते त्याच आठवड्यात करा. गाडी खालून प्रेशरने धुवून घ्या, चाकांच्या आत आणि पत्र्याला खारी हवा आणि वाळू बसलेली असते, ती तशीच राहिली तर पावसाळ्यापर्यंत गंज धरतो. आमच्याकडे त्याचे अडीचशे गेले, ते मी अडचणीच्या पाकिटातून दिले. उरलेले १,३५० त्याच पाकिटात ठेवलेत आणि वर मुलाने पेन्सिलने लिहिलंय, दिवेआगर.